डोक्यावरचं ओझं खाली कसं ठेवायचं: गोव्यातल्या नववी ते बारावीच्या पोरांसाठी

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओटीवर, सात-आठ पोरं दप्तरं घेऊन येतात. गाव डिचोली तालुक्यात, साखळीपासून थोडं आत. मी टीचर नाही, कौन्सेलर तर नाहीच, पणजीला नोकरी करते आणि घरी आले की चहा पिऊन शेजारच्या पोरांचा अभ्यास घेते, चार वर्षं झाली आता. सुरवातीला वाटायचं ही गणित विचारायला येतात. मग लक्षात आलं, निम्मी पोरं गणितासाठी येतच नाहीत, घरात बसवत नाही म्हणून येतात. कोणाला मोठ्या भावाचे मार्क रोज ऐकवले जातात, कोणाशी वर्गात कोण बोलत नाही, कोणाला रात्री झोप नाही. त्यांना जे सांगते आणि ज्याचा उपयोग झालेला बघितला तेच इथं लिहितेय. आईवडलांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचाच.

आधी माझंच सांगते. माझी दहावी २०१८ ची. त्या मार्चमध्ये खाणी परत बंद झाल्या, २०१२ ला झाल्या होत्या तशा, आणि पपांचा खनिज वाहायचा ट्रक दारात उभा राहिला. माझी परीक्षा पंधरा-वीस दिवसांवर. घरात त्या विषयावर कोण चकार शब्द काढत नव्हतं, पण ट्रकाचा हप्ता किती, कुठल्या तारखेला, सगळं मला माहीत होतं, रात्री भिंतीपलीकडून ऐकू यायचं. आणि मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की मला नव्वद टक्के पडले तर घर सावरेल. असं मला कोणी सांगितलं नव्हतं, नव्वद टक्क्यांचा आणि ट्रकाच्या हप्त्याचा काय संबंध हेही तेव्हा सुचलं नाही. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री मला उलटी झाली, आई म्हणाली जेवण बाधलं, मी हो म्हटलं. दोन वर्षांनी कधीतरी भांडी घासताना मी तिला खरं सांगितलं, तर ती हात तसाच पाण्यात ठेवून म्हणाली, "आम्हाला वाटलं तुला ह्यातलं काही कळत नाही, म्हणून तुझ्यासमोर बोलत नव्हतो." एका घरात तिघं जण, आणि तिघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो.

म्हणून मी सगळ्यात आधी हेच करायला लावते, ओझं डोक्यातून बाहेर काढायचं. आधी कागदावर, मग कोणाच्या तरी कानावर. बाकी सगळं त्याच्यानंतर.

कागदावर काढायचं म्हणजे डायरी नको, साधं वहीचं मागचं पान घ्या. वर लिहा, मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतोय. "अभ्यास" असं लिहू नका, "टेन्शन" पण नको, ते फार मोठे शब्द आहेत, त्यांच्यावर काही करता येत नाही. बारीक करत जायचं. पर्वरीची संगाथ नावाची संस्था आहे, १९९६ पासून काम करतेय, त्यांनी शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरचा एक गेम काढला होता, पॉड अ‍ॅडव्हेंचर्स, आणि तो आपल्या गोव्यातल्याच शाळांत करून बघितला होता. पॉड म्हणजे प्रॉब्लेम, ऑप्शन्स, डू इट. आधी अडचण नेमकी काय ते शोधायचं, मग तिच्यावर काय काय करता येईल ते सगळं लिहायचं, वेडंवाकडं सुचलं तरी लिहायचं, आणि मग त्यातलं एक निवडून खरंच करून बघायचं, नाही जमलं तर दुसरं. ऐकायला एकदम साधं वाटतं, पण डोकं भरलेलं असतं तेव्हा आपण पहिलीच पायरी गाळतो, अडचण नेमकी काय ते न बघता सरळ रडायला किंवा रील बघायला बसतो.

एक उदाहरण सांगते, म्हणजे बारीक करणं म्हणजे काय ते कळेल. गेल्या वर्षी दहावीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याचं एकच वाक्य, "ताई, मला सायन्स येत नाही." मी म्हटलं कागदावर लिही, त्यानं तेच लिहिलं. मी विचारलं सायन्समधलं काय? म्हणाला फिजिक्स. फिजिक्समधलं काय? लाइट. लाइटमधलं? रिफ्रॅक्शन. बरं, रिफ्रॅक्शनमधलं काय येत नाही? तर गप्प. मग मी पुस्तक बंद केलं आणि विचारलं, तुमच्या बावीत कळशी सोडतोस तेव्हा दोर पाण्यात शिरतो तिथं कसा दिसतो? लगेच म्हणाला, मोडल्यासारखा दिसतो. का? तर त्यानं हातानं दाखवलं, पाण्यातून उजेड बाहेर येताना वाकतो म्हणून. म्हणजे बघा, धडा त्याला येत होता! त्याला येत नव्हतं ते इंग्लिश. चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, घरात कोकणी, आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिशमध्ये, आपल्याकडे हजारो पोरांचं हेच होतं आणि ती स्वतःला ढ समजून बसतात. त्या मुलाला पाच वर्षं असं वाटत होतं की आपलं डोकंच सायन्सचं नाही.

अडचण सापडल्यावर ऑप्शन्स काढले. त्यानं सहा लिहिले, त्यात एक "शाळा सोडणे" पण होतं, मी खोडायला लावलं नाही, राहू दे म्हटलं. शेवटी निवडलं ते असं: रोज एका धड्यातले पाच इंग्लिश शब्द, वहीच्या डावीकडे शब्द आणि उजवीकडे आपल्या भाषेत अर्थ, आणि धडा आधी कोकणीत किंवा मराठीत मोठ्यानं मला सांगायचा, मगच इंग्लिशमध्ये लिहायचा. दीड महिना लागला. मार्क किती वाढले ते सांगत नाही कारण मुद्दा तो नाही, पण वर्गात हात वर करायला लागला असं त्याच्या आईनं सांगितलं. तुमच्यापैकी कोण मराठी मिडियममधून आलेले असाल आणि कोण त्यावरून हिणवत असेल तर एवढं डोक्यात ठेवा, तुम्ही एकच धडा दोन भाषांतून समजून घेताय, त्याला वेळ लागणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता अभ्यासाचं थोडक्यात, कारण हे तुम्हाला सगळेच सांगत असतात. भलंमोठं टाइमटेबल करू नका, चार रंगांच्या पेनांनी केलेलं टाइमटेबल तिसऱ्या दिवशी मोडतं आणि मग मोडल्याचंच टेन्शन येतं. रोज झोपायच्या आधी उद्याच्या फक्त तीन गोष्टी लिहा, त्यातली एक अगदी छोटी. धडा पाच वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाचून पुस्तक बंद करा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, जे आठवलं नाही तेवढंच परत बघा. परत दोन दिवसांनी, परत आठवड्यानं. नुसतं वाचताना "येतंय येतंय" असं वाटत राहतं, कागद कोरा समोर आला की खरं कळतं, आणि ते परीक्षेत कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. आणि खेळ बंद करू नका. दहावी आली की पहिला बळी फुटबॉलचा आणि कबड्डीचा जातो, मला ते कधीच पटलेलं नाही. आपल्या बोर्डात खेळाचे गुणही धरतात, पण ते नसते तरी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास घाम आल्याशिवाय रात्री झोप लागत नाही.

झोपेवर मात्र जरा थांबते कारण ह्यात घरच्यांचा मोठा गैरसमज आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप लागते, हे डॉक्टर लोक सांगतात, मी माझ्या मनचं सांगत नाही. आणि ह्या वयात शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप उशिरा यायला लागते, तो आळस नाही. आता आमच्या गावातली अकरावीतली पोरं सकाळी पावणेसातची बस पकडतात, म्हणजे सहाच्या आत उठायचं, म्हणजे साडेनऊ-दहाला झोपायला पाहिजे. प्रत्यक्षात बाराला फोन ठेवतात. सहा तास पण होत नाहीत आणि मग वर्गात डोळे मिटतात, लक्षात राहत नाही, चिडचिड होते आणि म्हणतात मला डिप्रेशन आलंय. आलंही असेल, ते तपासायला पाहिजेच, पण आधी दहा दिवस झोप पुरी करून बघा. फोन झोपायच्या खोलीत नको, स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. आमच्या सोप्यावरच्या तिघींनी एकमेकींना तसं वचन दिलं, दहाला तिघी जणी ग्रुपवर "ठेवला" असं लिहितात आणि खरंच ठेवतात. एकटीला कोणालाच जमलं नसतं.

परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येणं हे सगळ्यांचं असतं. दोन गोष्टी करा. एक, हॉलमध्ये जायच्या आधी दहा मिनिटं एका चिठोऱ्यावर जे जे भीती वाटतेय ते भराभर लिहून काढा, "ट्रिग्नॉमेट्री आली तर मेलो, पपा काय म्हणतील," जे असेल ते, आणि फाडून टाका. २०११ साली शिकागोच्या संशोधकांनी हे मुलांवर करून बघितलं होतं, ज्यांनी पेपरच्या आधी भीती लिहून काढली त्यांचा, विशेषतः जास्त घाबरणाऱ्यांचा, पेपर चांगला गेला. डोक्यातली जागा मोकळी होते असं समजा. दुसरं, बाकावर बसल्यावर श्वास चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, बाहेरचा लांब, असं आठ-दहा वेळा. छातीतली धडधड खरंच उतरते. आणि पेपर सुटल्यावर गेटवर उभं राहून उत्तरं जुळवत बसू नका, जे लिहून झालं त्याचं काही करता येत नाही, सरळ घरी या, जेवा.

आता कानावर घालायचं. घरच्यांशी बोलणं हे सगळ्यात कठीण, मला माहीत आहे. बहुतेक पोरं चुकीच्या वेळी बोलतात, रिपोर्ट कार्ड हातात असताना किंवा भांडण चालू असताना, तेव्हा कोणीच ऐकून घेणार नाही. समोरासमोर बसून पण बोलू नका, ते कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. शेजारी बसून किंवा काहीतरी करता करता बोला. आई नारळ खवत असेल तेव्हा, पपा कुळागरात पाणी सोडायला जातात तेव्हा त्यांच्याबरोबर जाऊन, स्कूटरवर मागं बसून. तोंडाकडे बघायचं नसलं की शब्द फुटतात, मोठ्या माणसांचे पण. सुरवात अशी करा, "आई, मला एक सांगायचंय, माझं पुरं होईपर्यंत काही बोलू नको हां, मग काय ओरडायचं ते ओरड." मग एकच गोष्ट सांगा, दहा नाही. आणि शेवटी काय हवंय ते सांगा, कारण त्यांना ते कळत नाही, ती एकदम उपाय शोधायला लागतात, नवीन ट्युशन लावूया काय म्हणतात. "मला आत्ता ट्युशन नको, फक्त पुढचे पंधरा दिवस भावाच्या मार्कांचं नाव काढू नका," असं नेमकं मागा. पहिल्या वेळी फिसकटलं तर आठवड्यानं परत. घरी अजिबातच शक्य नसेल तर आत्या, मावशी, मोठी चुलत बहीण, शाळेतले एखादे सर ज्यांच्याकडे बघून भीती वाटत नाही. गोव्यातल्या बऱ्याच शाळांत कौन्सेलर येतात, त्यांच्याकडे गेलं म्हणजे वेडा ठरला असं काही नसतं, आणि ते ऐकलेलं वर्गात सांगत नाहीत. एक गोष्ट ते लपवणार नाहीत, तुमच्या जिवाला धोका असेल तर, आणि तेच बरोबर आहे.

माणसं जोडण्याचं आता. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि ह्यावर कोण काही शिकवत नाही.

आपल्याकडे दहावीनंतर पोरं फुटतात. पहिलीपासून ज्यांच्याबरोबर वाढलो ते कोण साखळीला, कोण डिचोलीला, कोण म्हापशाला, कोण आयटीआयला, कोण पॉलिटेक्निकला जातं, आणि जूनमध्ये आपण एका मोठ्या हायर सेकंडरीच्या वर्गात बसलेलो असतो जिथं एक पण चेहरा ओळखीचा नाही आणि बाकीच्या सगळ्यांचे आधीच ग्रुप आहेत असं वाटतं. मला पहिले तीन आठवडे असेच गेले, मधल्या सुट्टीत मी लायब्ररीत जाऊन बसायची कारण एकटीनं डबा खाताना लाज वाटायची. नंतर कळलं, त्या वर्गात असे आणखी निदान दहा जण होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे.

ओळख कशी करायची? बोलायला जायचंय असं ठरवून गेलं की जीभ अडकते. त्यापेक्षा काहीतरी छोटं मागा. पेन, काल न आलेल्या तासाची वही, "ही कदंबा बस वाळपईला जाते काय?" एवढं पण चालतं. मागितल्यानं समोरच्याला आपण हवेसे वाटतो, मदत करायला कोणालाही आवडतं. दुसऱ्या दिवशी वही परत देताना काल त्यानं सांगितलेली एक गोष्ट आठवून विचारा, "तुझ्या आजीचं ऑपरेशन झालं काय?" बस. ह्या "काल सांगितलेलं आज आठवणं" ह्यातच अर्धी मैत्री असते, त्याच्यासाठी हुशार असावं लागत नाही, गोरंगोमटं असावं लागत नाही, इंग्लिश पण यावं लागत नाही. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मला कदंबावर भेटली, तिला खिडकीची जागा पाहिजे होती कारण तिला बसमध्ये मळमळायचं, मी उठून दिली, दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी जागा धरून ठेवली, आणि मग दोन वर्षं आम्ही एकाच सीटवर केमिस्ट्री पाठ केली.

आणि जे लाजाळू आहेत, ज्यांना गप्पा मारता येत नाहीत, त्यांनी गप्पांच्या मागं लागूच नका, हाताला काम असेल अशा जागी जा. चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, घुमट आरती बघा, घुमट म्हणजे मडक्यासारखं मातीचं वाद्य. आमच्या वाड्यावर एक मुलगा होता, कोणाशी बोलायचा नाही, बोबडं बोलतो म्हणून लहानपणी चिडवलेलं. त्याला वाड्यावरच्या दादांनी घुमट हातात दिलं. घुमटाचं असं असतं, उजव्या हातानं चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या हाताच्या तळव्यानं मागचं छोटं तोंड उघडायचं-झाकायचं, त्यावर आवाज भरतो. आणि हे एकट्यानं होतच नाही, शामेळ हे चर्मवाद्य काय म्हणतंय, कासाळं म्हणजे झांज कुठं पडतेय ते ऐकत राहावं लागतं. पहिल्या दिवशी त्याचा ठोका पुढं पळत होता, शेजारच्यानं त्याच्याकडे न बघताच नुसती मान हलवून लय दाखवली, आणि तो त्याच्या मानेकडे बघत बघत लयीत आला. पाच दिवस घरोघरी आरत्या केल्या, एक शब्द बोलावा लागला नाही, पण सहाव्या दिवशी तो त्या पोरांबरोबर मैदानावर होता. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, रानफळं-पानं, गोळा करायला रानात जाणारी टोळी, शिगम्याचं (होळीच्या सणाचं) रोमटामेळ, म्हणजे नाचत जाणारी मिरवणूक, देवळातल्या नाटकाचं पडदे-लाइटचं काम, वाड्यावरचं भजन, संध्याकाळचा फुटबॉल, मुलींची फुगडी, हे सगळं तेच काम करतं, माणूस खांद्याला खांदा लावून काही करतो तेव्हा ओळख आपोआप होते. शहरात राहत असाल तर पणजीत पाटोवर कृष्णदास शामा लायब्ररी आहे, तिथं रोज त्याच वेळी त्याच टेबलावर अभ्यासाला बसा, आठवडाभरात समोरचा मान हलवायला लागतो. ज्यांच्या घरी "दहावी आहे, ह्या वर्षी चवथीला आरतीबिरती बंद" असं चाललंय त्यांच्या आईवडलांना मी हात जोडून सांगते, ते पाच दिवस देऊन टाका.

मित्र जोडला, आता तो आपलं काही सांगायला लागला तर काय करायचं? बहुतेक वेळा आपण घाबरून म्हणतो, "अरे होईल सगळं ठीक," किंवा "माझं तर त्याहून वाईट आहे." दोन्हीनं समोरचा गप्प होतो. त्याऐवजी एकच विचारा, "नुसतं ऐकू की काय सुचवू?" नुसतं ऐक म्हणाला तर नुसतं ऐका, मध्ये मध्ये "मग?" एवढंच. फोन खिशात ठेवा. त्यानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगू नका, स्क्रीनशॉट तर अजिबातच नाही, आमच्या ओळखीतल्या एका मुलीची दोन वर्षं एका स्क्रीनशॉटनं खराब झाली.

फोनवरचे ग्रुप हा वेगळाच विषय आहे. मेसेज बघितला आणि उत्तर दिलं नाही म्हणजे माझ्यावर राग आहे, असं पोरं तास न् तास धरून बसतात. उद्या शाळेत तोंडानं विचारा. रात्री अकराला झालेलं भांडण रात्री अकराला मिटवायला जाऊ नका, झोप झालेल्या डोक्यानं सकाळी चार ओळींत मिटतं. कोणी ग्रुपवर कोणाला लागोपाठ चिडवत असेल तर सगळ्यांसमोर हिरो व्हायची गरज नाही, ज्याला चिडवतायत त्याला वेगळा मेसेज टाका, "मी बघितलं, मला ते आवडलं नाही, उद्या माझ्याबरोबर बस." ज्याला असा मेसेज येतो त्याला तो कायम लक्षात राहतो. फोटो, पैसे, धमकी असलं काही असेल तर स्वतः सोडवायला जाऊ नका, पुरावा ठेवून त्याच दिवशी मोठ्या माणसाला दाखवा.

आता गंभीर गोष्ट, ही वगळू नका. पंधरा दिवसांहून जास्त कशातच मन लागत नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, आवडती गोष्ट पण नको वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर हे सगळं वरचं, वहीचं पान आणि श्वास आणि घुमट, पुरणार नाही, डॉक्टर लागतो, ताप आल्यावर लागतो तसाच. बांबोळीला जीएमसीजवळ (गोवा मेडिकल कॉलेजजवळ) आयपीएचबी आहे, मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, सरकारची टेली मानस, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, घरात किंवा शाळेत कोण मारत असेल, हात लावत असेल तर त्यावर सांगा. एकदम तातडीचं असेल तर १०८.

आणि मित्र म्हणाला की "मी नसतो तर बरं झालं असतं," किंवा आपल्या आवडीच्या वस्तू वाटायला लागला, तर सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचं येतंय काय?" विचारल्यानं त्याच्या डोक्यात नवीन काही घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, आणि त्यानं कितीही शपथ घातली तरी लगेच मोठ्या माणसाला सांगा. तो चार दिवस बोलणार नाही तुमच्याशी. चालेल.

राहिला रिझल्टचा दिवस. त्या दिवशी सकाळपासून घरात फोन वाजत असतात, मामा, काका, शेजारी, सगळ्यांना आकडा पाहिजे असतो. आईला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की फोन तू घे, मला देऊ नको. कमी पडले तर त्या दिवशी काहीच ठरवू नका, ना साइड बदलायची, ना शाळा सोडायची. नापास झालात तर पुरवणी परीक्षा असते, तिची तारीख बघा, एवढंच काम. चांगले पडले तर स्टेटस टाकायच्या आधी वर्गाचा ग्रुप एकदा वरपासून खाली बघा, कोण बोललेलंच नाही ते. रोज बडबड करणारा एखादा सकाळपासून गप्प असेल. त्याला मेसेज नको, फोन करा. उचलला नाही तर संध्याकाळी सायकल काढून घरी जा. मार्कांचं विचारू नका. काय बोलायचं ते सुचलं नाही तर दारातून हाक मारून विचारा, "चहा घेतलास काय रे?"